उशी फुटते तो खेळ

त्या सिनेमाचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. पाटीवर ते इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि मला तेव्हा इंग्रजी सोडा, मराठी जोडाक्षरंही अडखळतच वाचता येत. आमच्या घरात त्याला ‘उशी फुटते तो खेळ’ म्हणत. पुढे तेही म्हणेनासे झाले. त्याचं नाव काढायचं नाही हे कुणी न सांगताच ठरून गेलं. परवा नातीला ही गोष्ट सांगायला बसले तर ती म्हणाली, ‘आजी, मुका सिनेमा, त्यात एवढं काय असणार?’ मी म्हटलं, तू चूप बस आणि ऐक. ती थोडा वेळ बसली आणि मग उठून गेली, म्हणून आता लिहून ठेवते आहे.

आमचा मळा अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला होता. पहाटे विहिरीवर मोट सुरू झाली की चाक कुईकुई करायचं आणि त्या आवाजानेच आम्ही उठायचो. एखाद्या दिवशी बैल दुखणाईत पडला की सगळं घर उशिरापर्यंत झोपून राही. घर म्हणजे तीन खोल्या आणि पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण. आमचं राहणं सगळं त्या अंगणातच. ओल्या गोणपाटांवर शेवंती आणि झेंडू ओतलेला असे आणि भोवती बसून आम्ही बायका केळीच्या सोपटात हार गुंफत असू. न्याहारीला रात्रीची ज्वारीची भाकर, तेल-तिखट आणि फोडलेला कांदा. बोटांना झेंडूचा कडवट वास इतका मुरलेला, की भाकरही कडू लागे. लग्न होऊन मी भातकुलीला गेले तेव्हा पहिले सहा महिने मला तिकडचं जेवण मचूळ लागत होतं, ते का हे सासूला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

हार अंबादेवीला जात, लग्नघरी जात. त्यामुळे गावात कुणाचं लग्न ठरलं हे आम्हाला त्यांच्या सोयऱ्यांच्या आधी कळे. मोठी माय, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, नुसत्या मुंडावळ्या सांगायला आलेल्या माणसाच्या चालीवरून भाकीत करायची. “यायले घाई हाये,” म्हणायची. “पोरीचं कोनी इचारलंच नसन.” काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घर तिच्याच शब्दावर चालत होतं. माझे वडील, आबा, तिच्यापुढे मान वर करून बोलत नसत. माझी माय मी चार वर्षांची असताना गेली. मला न्हाऊमाखू घातलं, वेण्या घातल्या, रागावलं आणि जवळ घेतलं ते आत्याने, आबांच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीने. तिचं नाव सुभद्रा. ती अकोल्याला दिली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते, आणि ती परत आली तेव्हा मला आनंद झाला. ती कपाळ पुसून परत आली होती आणि मला आनंद झाला, हे मला आज लिहितानाही खुपतं. पण झाला होता, तर तो लपवू कशाला?

त्या खेळाच्या वर्षी आत्या वीस-एकवीस वर्षांची असेल. नवरा तापाने गेला, मूलबाळ नव्हतं. परत आल्यापासून दोन वर्षं ती हसली नव्हती. काम करी, बोले, मला ओरडे, पण हसणं म्हणून नाही. दिवसभर फुलांत हात, आणि केसांत एक पाकळी नाही. आमच्यात विधवेला दुसरं घर करता येई. त्याला पाट लावणं म्हणत. त्यात मुंडावळ्या नसत, हार नसत, वाजंत्री नसे, चार माणसांत उरकून टाकत. मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ असला तर पहिला हक्क त्याचा धरत. आत्याचा दीर गणपत अकोल्याला मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा करत होता. त्याला एक बायको होती, दोन पोरं होती, पण बायको सदा आजारी आणि मळ्याला हात कमी. दर दोन-तीन महिन्यांनी अकोल्याहून माणूस येई, गूळ-शेंगदाणे खाऊन पाणी पिई आणि विचारी. मोठी माय दर वेळी एकच उत्तर देई. “तिनं हाव म्हटल्याबिगर मी कोनाच्याच घरी धाडनार नाई. ढोर हाये का थे, दावं सोडून देल्ला आन नेलं?” मग होकार येतो का म्हणून ती आत्याकडे बघायची. आत्या खाली मान घालून गुंफत राहायची. माणूस निघून जायचा.

मोठ्या मायचा हा नेम मला तेव्हा फार मोठा वाटे आणि आजही वाटतो. ती वाईट नव्हती. वाईट असती तर हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं.

शंकर आमच्याकडे येऊ लागला तो सिनेमाच्या हारासाठी. परकोटाच्या आत एक पत्र्याचं थिएटर होतं. तिथे दर आठवड्याला नागपूरहून नव्या खेळाचे डबे येत आणि पहिल्या खेळाआधी यंत्राला हार घालत. तो न्यायला गुरुवारी सकाळी शंकर येई. त्याचं काम खेळ सांगण्याचं. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवत, मधूनमधून इंग्रजी अक्षरं येत, खाली पेटी-तबला चाले, आणि शंकर बाजूला उभा राहून सगळ्यांच्या वाटचं बोले. राजाचं, राणीचं, चोराचं, घोड्याचंसुद्धा. आमच्यातलाच होता, नांदगाव खंडेश्वरचा. आईबाप नव्हते, एक काका होता. दिसायला काळा, किडकिडीत, कान मोठे. पण आवाज असा, की मोट हाकणारा आमचा गडी बैल थांबवून ऐकत उभा राही.

पहिल्याच दिवशी तो अंगणात आला आणि बसायची जागा समजून झेंडूच्या पाकळ्यांच्या ओल्या गोणपाटावर बसला. उठला तेव्हा पाठीपासून धोतरापर्यंत पिवळ्या पाकळ्या चिकटलेल्या. मी फिदीफिदी हसायला लागले. त्याने मान वळवून स्वतःची मागची बाजू पाहिली आणि अगदी गंभीरपणे आत्याला हात जोडले. “बाई,” म्हणाला, “मले तं पुरा देव करून टाकलं तुमी.” आत्या हसली नाही. पण तिने पदर तोंडाशी नेला आणि बराच वेळ तो तिथेच धरून ठेवला, हे मी पाहिलं. अंगणात तेव्हा आम्ही तिघंच होतो.

त्यानंतर आठ-नऊ महिने तो येत राहिला. काय चाललं होतं म्हणाल तर काहीच नाही. तो हार घ्यायचा आणि आदल्या आठवड्याचा खेळ दोन वाक्यांत सांगायचा. एखादा गजरा मुद्दाम जास्तीचा मागायचा आणि जाताना विहिरीच्या धोंड्यावर ठेवून जायचा. आत्या तो माळायची नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि वाळला की झाडाच्या बुंध्याशी टाकायची. दिवाळी झाल्यावर एका गुरुवारी तो माझ्यादेखतच म्हणाला, “आपल्या तोंडानं आपली सोयरीक कशी मांगाची? काकाले आनतो. कापसाची वेचनी झाली का थो मोकळा होते.” आत्याने हार त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “वेचनी होऊ द्या मंग.” तिचं हाव एवढंच होतं. ते त्याने आणि मी ऐकलं होतं, दुसऱ्या कुणीही ऐकलं नव्हतं.

आता तो खेळ. थिएटरात शुक्रवारी दुपारी बायकांचा खेळ असे. पुरुष एकही नाही, दारावरसुद्धा म्हातारी बाई. खेळ सांगायला मात्र पुरुषच लागणार, म्हणून शंकरला पडद्याच्या मागे उभं करत. त्याला आम्ही दिसायचो नाही, आम्हाला तो दिसायचा नाही. मागून त्याला चित्रं उलटी दिसत आणि अक्षरंही उलटी, तरी तो अडखळत नसे, कारण आदल्या दिवशीचा पुरुषांचा खेळ सांगताना त्याचं सगळं पाठ झालेलं असे. मोठी माय वर्षाकाठी दोन-तीनदा आम्हाला नेई. जायच्या दिवशी घरात सणासारखी गडबड. सकाळीच आलू-वांग्याची भाजी करून ठेवायची, भाकरी टोपलीत झाकायच्या, वाटेत खायला फुटाणे आणि संत्री बांधून घ्यायची. त्या काळात संत्र्याच्या सालांच्या वासाशिवाय मला सिनेमा आठवतच नाही. अंधार झाला की दोनशे बायका एकदम संत्री सोलायला लागत.

खेळ विलायतेचा होता. मोठा बंगला, त्यात खोल्याच खोल्या आणि प्रत्येक खोलीला दोन-दोन दारं. एक जाडा साहेब, त्याची देखणी मेम, एक लुकडा साहेब आणि त्याची मेम. खरी गोष्ट मला नंतर कळली. लुकड्याचा जीव जाड्याच्या बायकोवर, जाड्याचा डोळा लुकड्याच्या बायकोवर, आणि चौघं एकाच बंगल्यात मुक्कामाला. रात्रभर कुणीतरी कुणाच्या तरी खोलीत शिरायला बघतं, तेवढ्यात तिसरंच दार उघडतं आणि शिरलेला पलंगाखाली नाहीतर कपाटात जातो. आदल्या दिवशी पुरुषांना हे सगळं जसंच्या तसं सांगून शंकरने थिएटर डोक्यावर घेतलं होतं. पण त्या खेळाला आलेल्या एका वकिलांनी मालकाला गाठलं. उद्या आमच्या घरच्या बायका येतील, त्यांना हे यार-बीर ऐकवाल तर याद राखा. मालकाने बायकांच्या खेळाआधी जेमतेम घटकाभर शंकरला बोलावून सांगितलं, चित्रं राहू देत, गोष्ट बदल.

पडद्यावर ती मेम आली आणि पहिल्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, “कावून वं, हिचे केस कावून कापले?” मेमेचे केस मानेपर्यंत होते. तिकडची फॅशन, हे आम्हाला कुठून कळणार? आमच्या डोळ्यांना केस कापलेली बाई म्हणजे एकच. सगळीकडून चुकचुकणं सुरू झालं. पडद्यामागून शंकरने ते ऐकलं असणार, कारण लगेच त्याचा आवाज आला. “हाव बायांहो, बराबर ओळखलं. ही रुक्मी. बिचारीचा नवरा गेला, बापाच्या घरी येऊन राह्यली. हा जाडा थो तिचा बाप.” एवढ्यात जाड्याने मेमेला मिठीत घेतलं. “पाहा, बाप लेकीले कसा उराशी धरून राह्यला,” शंकर म्हणाला, आणि माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले.

मग खिडकीतून लुकडा आत उतरला. एकट्या विधवेच्या खोलीत परका पुरुष! सगळ्या बायका श्वास रोखून गप्प. यार म्हणायची बंदी, नवरा म्हणावं तर तो मेलेला. शंकर क्षणभर थांबला. तेवढ्या क्षणात त्याला आमच्या मुलखातला असा एकच पुरुष सुचला, जो विधवेच्या दारी आला तरी कुणी नाव ठेवणार नाही. “भेऊ नका,” तो म्हणाला, “हा तिचा दीर हाये. पाटाचं इचाराले आला.” थिएटरभर सुस्कारा गेला. बायका सैल होऊन संत्री खायला लागल्या.

आम्ही खेळाला येणार हे शंकरला आदल्या सकाळी हार नेतानाच कळलं होतं, पण अकोल्याच्या गणपतचं काही ठाऊक नव्हतं. आत्याने ते त्याला कधी सांगितलं नव्हतं. नकोशी गोष्ट त्याच्यापुढे कशाला काढायची, असं तिला वाटलं असेल.

पुढे हसून हसून पुरेवाट झाली. दीर कपाटात, दीर पलंगाखाली, बाप पलंगावर बसला आणि पलंग खाली दबला. शेवटी जाड्याने चिडून उशी उचलून आपटली, उशी फुटली, आणि खोलीभर पांढरी पिसं उडाली. पलंगाखालून लुकडा रांगत बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पिसांनी माखलेला. उभा राहिला, मेमेकडे बघून त्याने हात जोडले. आणि पडद्यामागून शंकर अगदी गंभीर आवाजात म्हणाला, “दीर म्हनते, बाई, मले तं पुरा देव करून टाकलं तुमी.”

आत्या हसली. पदराआड नाही, खुदकन नाही, मोठ्याने, खळखळून, दोन वर्षांचं एकदम हसली. डोळ्यांत पाणी येईतो हसली, माझ्या मांडीवर थाप मारून हसली. मीही तिच्याबरोबर हसले, कारण ह्या हसण्यातली मेख दोनशे बायकांत आम्हा दोघींनाच ठाऊक होती. आणि हसता हसता मला दिसलं, की आत्याच्या पलीकडे बसलेली मोठी माय पडदा बघतच नाही, ती आत्याकडे बघते आहे. तिचंही तोंड हसरं झालं होतं. तिने हात वर करून कानशिलावर बोटं मोडली.

खेळाच्या शेवटी मेम जाड्याबरोबर गाडीत बसून निघून गेली आणि लुकडा दारात एकटाच उभा राहिला. त्याचंही शंकरने नीट करून टाकलं. “दीर आज दारात उभा हाये. पन पोरगी हासली नं? झालं तं मंग. पाट लागन.” बायकांनी टाळ्या वाजवल्या.

 घरी आल्यावर मोठ्या मायने पाय धुतले, देवापुढे साखर ठेवली आणि आबांना हाक मारली. आत्या आणि मी अंगणात संध्याकाळच्या फुलांशी बसलो होतो. “पोरगी हासली आज,” मोठी माय म्हणाली. “दोन वर्सं मी वाट पाहून राह्यली होती. तोंडानं हाव म्हनाले लाजत असन. पन दिराचं नाव निंगालं आन हासली. सारं थेटर पाहून राह्यलं होतं.” आबा आत्याकडे बघायला लागले. आत्याचे हात थांबले. “तसं नाई,” ती म्हणाली, “मी तं अशीच हासली.” “अशी कोनी हासते का वं?” मोठी माय मायेनेच म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “यमे, तू तं बाजूलेच होती. कायले हासली थे?”

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. त्या घरात आत्याखेरीज ते फक्त मलाच येत होतं, आणि तिच्या तोंडून ते निघणं शक्य नव्हतं. विधवेने कुठल्या पुरुषाच्या बोलण्यावर हसले म्हणून सांगायचं? मी सांगितलं असतं, की झेंडूच्या गोणपाटावर शंकर बसला होता, त्याच्या बोलण्याला ती हसली, तर आरडाओरडा झाला असता, शंकरचं अंगणात येणं बंद झालं असतं. पण मोठी माय ‘ढोर हाये का थे’ म्हणणारी होती. आज ना उद्या तिने ऐकलं असतं. हे सगळं आज सुचतं. त्या वेळी माझ्या डोक्यात वेगळंच होतं. खेळ सुटल्यावर बाहेर पुढच्या खेळाची पाटी लावलेली मी पाहिली होती. तिच्यावर हत्ती होता. शंकरचं नाव निघालं तर आम्हाला थिएटरात परत कुणी पाऊल टाकू देणार नाही, हे मला लख्ख दिसलं. मला तो हत्ती बघायचा होता.

“दीर पलंगाखालून निंगाला तई हासली,” मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं आणि पुन्हा गुंफायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला माणूस गेला. घाई ह्यासाठी, की पोरीचं मन पुन्हा फिरू नये. मी विहिरीवर आत्याला गाठून रडत म्हटलं, आता सांगते मोठ्या मायला, सगळं सांगते. तिने माझं तोंड दाबलं. “आता सांगून का होते? दिराचं हाव झालं, मानूस गेला. आता त्याचं नाव घेतलं तं लोक म्हनतीन, हिचे दोन होते. त्याले झोडपतीन, माह्यं तोंड काळं होईन.” मग म्हणाली, “त्याले तरी कळव.” हाराची टोपली घेऊन मी एकटी थिएटरावर गेले. दारावरची म्हातारी म्हणाली, “शंकर गावाले गेला. कालच्या खेळाहून खुशीत होता, मालकाजवळून सुट्टी घेतली आन गेला.” मी टोपली घेऊन परत आले. नांदगाव कुठल्या दिशेला आहे हेही मला माहीत नव्हतं.

पाट अकोल्यालाच लागला. मला नेलं नाही. आत्या गेली तेव्हा अंगणात शेवंतीचा ढीग पडलेला होता आणि त्यातलं एक फूल तिला देता येत नव्हतं, कारण पाटाला जाणाऱ्या बाईला फूल देत नाहीत. तिने माझी वेणी घातली, टोपलीत दोन लुगडी घेतली आणि बंडीत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शंकर आला. डोक्याला नवा फेटा, बरोबर म्हातारा काका. काकाने वेचणी अर्ध्यावर टाकली होती, त्याच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. मोठ्या मायने बाजेवर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला. काकाने घसा खाकरून सुभद्रेबद्दल विचारलं. मोठी माय चकित झाली, मग हळहळली. “अरे बापा, परवाच पाट लागला तिचा. दिराशी.” काका म्हणाला, “तिच्या मर्जीनं?” “तं मंग? जबरदस्तीनं धाडीन का मी?” आणि मोठ्या मायने अभिमानाने शंकरकडे पाहिलं. “तुयाच खेळात हाव म्हटलं तिनं. तू दीर म्हटलं आन थे खळखळून हासली. तुया तोंडात साखर पडो, बापू. माह्या जिवाचा घोर गेला.”

शंकरने हातातला गूळ खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी जमिनीकडे. मग तो म्हणाला, “मले आइकू आलं होतं हासनं. पडद्यामांगं होतो, दिसलं नाई. पन आइकू आलं.” एवढंच. ज्या आवाजाने राजे बोलायचे, घोडे बोलायचे, त्यातून दुसरं काही निघालं नाही. काकाने त्याला दंडाला धरून उठवलं. जाताना त्याने सवयीने यंत्रासाठी हार मागितला, आणि तो मी त्याच्या हातात दिला, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या गुरुवारी हार न्यायला वेगळाच माणूस आला. शंकरचं पुढे काय झालं मला माहीत नाही. थोड्याच वर्षांत सिनेमा बोलायला लागला आणि खेळ सांगणाऱ्यांची गरजच संपली. कुणी म्हणे तो धारणीकडे जंगलात ठेकेदाराकडे लागला, कुणी म्हणे गावी परत गेला. मोठी माय मरेपर्यंत सांगत असे, की घरातल्या विधवेला तिच्या मनासारखं घर करून दिलं ते ह्या माळीपुऱ्यात आपण एकट्यांनी. तिचा तो आनंद मी मोडला नाही. तेवढी एक गोष्ट मी जाणूनबुजून, विचार करून केली.

त्या पाटानंतर पाच-सहा वर्षांनी मी अकोल्याला गेले. आत्या मोर्णेच्या काठच्या त्या घरात चुलीपुढे बसली होती. सवत आतल्या खोलीत खोकत होती. सवतीच्या दोन पोरांत आत्याचं एक मिसळलेलं, कुठलं कुणाचं ओळखू येत नव्हतं. हात भाजीच्या मातीने काळे, पाठ वाकलेली, आणि वय पंचवीस-सव्वीस. तिने माझ्यासाठी भरीत केलं होतं. जेवताना सहज म्हणाली, “थो खेळ मंग अकोल्यालेही आला होता. माह्या पाटाच्या पंधरवड्यात. हे गेले होते पाहाले. घरी येऊन सांगत होते, त्यात दीर-बीर कोनी नव्हता म्हने. थो यार होता. आन शेवटी कोनाले कोनीच भेटत नाई. लय हासून राह्यले होते सांगताना.” “आन तू?” मी विचारलं. “मी भाकरी करत होती,” ती म्हणाली.

मी हातातला घास ताटात ठेवला. इतकी वर्षं मनात ठेवलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. हत्तीची पाटी, पुढचा खेळ, मी का बोलले नाही ते. वाटलं होतं ती मारेल, रडेल, निदान उठून जाईल.  ऐकून झाल्यावर तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“पाह्यला का मंग हत्ती?”

“नाई,” मी म्हटलं. “तू गेल्यावर मोठी माय म्हने, आता कायले जाचं?”

 आत्याने तव्यावरची भाकर उलटली.

“पाहून तरी घ्याचा होता वं, यमे,” ती म्हणाली.